तंजावरचं निळं दार

"डावीकडे," मी म्हणालो.

"नक्की?" शरयूनं विचारलं.

"म्हणजे काय! डोळ्यांवर पट्टी बांध आणि सोड मला या गावात. बिनचूक पोचवतो."

पट्टी बांधली असती तरी फारसा फरक पडला नसता. तंजावरात मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं ते आदल्या दिवशी संध्याकाळी. आणि गेली एकेचाळीस वर्षं मी बायकोला सांगत आलो होतो की या गावात मी वर्षभर राहिलोय.

तेव्हा मी सदुसष्टचा होतो, आता ब्याऐंशीचा आहे. या वयात खोटं बोलून मला काही मिळायचं नाही, म्हणून हे सगळं जसं घडलं तसं सांगतो. मांजरांचा आकडा तेवढा थोडा वाढलेला असेल.

मूळ असं. मी सांगलीचा, केशव तासगावकर. तरुणपणी हळदीच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. शरयूला बघायला गेलो तेव्हा तिला आणखी एक स्थळ सांगून आलेलं होतं. बँकेतला मुलगा, चष्मेवाला, स्वतःची सायकल, हातावर घड्याळ. शरयू शाळेत गणित शिकवायची. पाच वडीलधारी माणसं मांडी घालून बसलेली, आणि तिनंच मान वर करून विचारलं, "ट्रकवर असता, तर कुठं कुठं फिरलात?"

बँकवाल्याला हरवायचं तर कराड आणि कोल्हापूर सांगून भागणार नव्हतं. मी म्हणालो, "तंजावर." आणि तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. वर्षभर राहिलो म्हणालो. निळ्या दाराचं घर. तीन पायऱ्या. आत चौक, चौकात विहीर, विहिरीला पितळेची कप्पी, ओसरीवर झोपाळा. घरातल्या बाई मला मुलासारखं मानायच्या. निघालो तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "केशवा, लग्न केलंस की बायकोला दाखवायला आण." हे शेवटचं मी शरयूकडे बघून म्हणालो. बँकवाल्याचा निकाल तिथंच लागला.

खरं होतं ते एवढंच: माझा ट्रक सेलमला बंद पडला होता, मी आठ दिवस तापानं फणफणत ट्रकखाली पडून होतो, आणि शेजारच्या ट्रकवाल्यानं मला तंजावरचं वर्णन ऐकवलं होतं. तेही निम्मं तापात ऐकलेलं.

पुढं मी ट्रक सोडला, गॅरेज काढलं, गॅरेज मुलाच्या हवाली केलं, आणि एका डेअरीची मोडीत निघालेली दुधाची गाडी घेऊन तिचं घर केलं. आत फळीचा पलंग, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला शरयूच्या जुन्या साडीचा पडदा. गाडी झकास झाली, पण अकरा वर्षं दूध वाहिलेल्या पत्र्याचा वास जाईना. ऊन तापलं की खरवसासारखा दरवळ सुटायचा. ज्या गावात थांबू तिथली मांजरं गाडीभोवती रिंगण धरून बसायची. चित्रदुर्गात तेवीस होती. मोजायला शरयू होती, मी नव्हे.

सांगलीहून निघतानाच तिनं अट घातली होती. "तंजावरला ते घर दाखवायचं. घर सापडलं तर कन्याकुमारीपर्यंत येते. नाही सापडलं, तर तिथूनच गाडी वळवायची आणि सांगलीत आल्यावर विकून टाकायची. या वयात थापांच्या भरवशावर मी देश हिंडणार नाही."

शरयूनं शब्द दिला की दिला. ही बाई मुख्याध्यापिका असताना स्वतःच्या पोराला दोन मार्कांनी नापास करून घरी पेढ्यांऐवजी गणिताचं पुस्तक घेऊन आली होती. तेव्हा माझ्या गाडीचा, आणि सगळ्या हिंडण्याफिरण्याचा जीव त्या निळ्या दारात अडकलेला होता. जे दार मी वयाच्या सव्विसाव्या वर्षी पाच म्हाताऱ्यांसमोर हवेत बसवलं होतं.

त्या दिवशी सकाळी मला जाग आली तर शरयू गाडीत नव्हती. मोठ्या देवळाजवळच्या मैदानात गाडी लावलेली, बाहेर सहाच मांजरं. चहाचं आधण उकळेपर्यंत ती आली. वेणीत भोपळ्याचं पिवळंधमक फूल, बोटं पिठानं पांढरी.

"कुठं गेली होतीस?"

"पाय मोकळे करून आले. काय रांगोळ्या घालतात हो इथं! पिठाच्या. मधोमध शेणाचा गोळा आणि त्यावर हे फूल. एकीनं मलाच दिलं."

"मला उठवायचं नाही?"

"तुम्ही काय, वर्षभर बघितल्यायत," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

आमचा नियम होता की गाडी एकदा उभी केली की ती संध्याकाळपर्यंत हलवायची नाही आणि रिक्षेला हात दाखवायचा नाही. डिझेलचा पैसा वाचतो आणि गाव पायाखालून जातं. तंजावर तर पायी हिंडण्यासाठीच बांधलेलं असावं. मधे राजवाडा, त्याच्या चार अंगांनी चार मोठे रस्ते, आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्या. तासाभरात कुठूनही कुठंही. मी निघालो तो निळ्या दाराची धास्ती घेऊन, पण खरं सांगतो, देवळाच्या दारातून आत गेलो आणि धास्तीबिस्ती विसरलो. एवढा मोठा दगडाचा डोंगर माणसांनी वर चढवलाय, आणि त्यावर पोपट असे बसलेत जसे त्यांच्या बापजाद्यांनीच बांधलाय! मी मान मागं टाकून गरगर फिरत होतो. शरयू ओवरीच्या भिंतीला नाक लावून उभी होती.

"अहो, इकडे या! मराठी आहे."

खरंच मराठी होती. दगडात कोरलेली, ओळीमागून ओळ, भोसल्यांचा सगळा इतिहास. शरयू बोट ठेवून ठेवून वाचत होती. वीतभर वाचून झालं की वळून माझ्याकडं बघायची, आणि तिचे डोळे असे चमकत होते की तिचं वय एकोणीस वाटावं. पुढं म्हणाली, "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुला अचानक दाखवायचं होतं," मी म्हणालो.

मग वीणा करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. एक माणूस फणसाच्या अख्ख्या ओंडक्यात शिरून बसल्यासारखा आतून कोरत होता, आणि सगळ्या गल्लीला फणसाच्या लाकडाचा वास. मी त्याला खुणेनं सांगितलं की आमच्याकडं मिरजेला भोपळ्याचे तंबोरे करतात. तो भोपळ्याला हसला. मी त्याच्या ओंडक्याला हसलो. दोघांचंही समाधान झालं. मग केळीच्या पानावर इडल्या खाल्ल्या. वाढपी सांबार ओतायला आला तसा मी शरयूला म्हणालो, "हे आपल्याच लोकांनी इथं शोधलं. मुदपाकखान्यात कोकम संपलं, चिंच घातली, झालं सांबार." ही कथा तिथं सगळेच सांगतात असं पुढं कळलं. त्या वेळी मला ती माझीच वाटली होती.

राजवाड्याजवळ एका फळीवर बाहुल्या मांडलेल्या होत्या. घेरदार परकराच्या, कागदाच्या लगद्याच्या. नुसती फुंकर मारली की मान डोलवतात, कंबर हलवतात. शरयू एकीसमोर उभी राहिली.

"तुला भूक लागलीय का गं?" तिनं बाहुलीला विचारलं. बाहुलीनं मान डोलावली.

"आमचे हे फार शहाणे आहेत ना?" डोलावली.

"घ्या," शरयू म्हणाली. "तुमच्यासाठी. तुम्ही काहीही सांगा, ही हो म्हणेल. माझी मान दुखायला लागलीय." आणि सांगलीपासून पै-पै वाचवणाऱ्या बाईनं त्या दिवसाच्या खर्चातले निम्मे पैसे त्या बाहुलीवर घालवले. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "हं. आता घर."

मला निळं दार आठवलं.

तर असा मी त्या चौकात उभा होतो, आणि डावीकडे म्हणालो होतो.

"डावीकडे तर बाजार दिसतोय," शरयू म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, सकाळी देवळातली घंटा ऐकू यायची म्हणून. उजवीकडे देऊळ आहे बघा एक."

"हां! उजवीकडेच. चाळीस वर्षांत रस्ते फिरवलेत यांनी."

उजवीकडे वळलो. देऊळ आलं. कामाक्षीचं, लहानसं, दारात चपलांचा ढीग. त्यापुढं दोन गल्ल्या फुटत होत्या.

"ही," मी छाती काढून म्हणालो.

"बरं. मला आपलं वाटलं, त्या पलीकडच्या गल्लीत सावली आहे."

"अगं तीच म्हणतोय मी. सावली होतीच मुळी."

सावलीच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना ओसऱ्यांची घरं, लाकडी खांब, दारापुढं पुसट होत आलेल्या रांगोळ्या. हिरवी दारं. तपकिरी दारं. एक पिवळं. मी प्रत्येक दाराशी थांबून, मान हलवून, "हे शेजारचं... हे त्यांच्या शेजारचं..." असं करत पुढं सरकत होतो. मनात ठरवत होतो की गल्ली संपली की छातीत कळ आल्याचं सोंग करायचं.

आणि गल्लीच्या टोकाला निळं दार होतं.

निळं म्हणजे पक्कं, औषधाच्या बाटलीसारखं निळं. खाली पायऱ्या. एक, दोन, तीन. दार सताड उघडं, आत झोपाळ्याची कडी करकरत होती, आणि त्याच्या मागं, देवाशपथ, चौक. चौकात विहिरीचा कठडा. कठड्यावर पितळ चमकलं.

क्षणभर वाटलं, मी खरंच इथं राहिलो होतो आणि सेलमच मी रचलेलं आहे!

"गजरा घेते हं," मागून शरयू म्हणाली. कोपऱ्यावर एक फुलवाली बसली होती, तिच्यापाशी ती थांबली आणि घासाघीस करायला लागली. तिला तमिळ येत नव्हतं आणि फुलवालीला मराठी, त्यामुळे हे लांबणार होतं. देवानं मला वेळ दिला होता. मी धोतराचा सोगा धरून तीन पायऱ्या एका ढांगेत चढलो.

झोपाळ्यावर एक म्हातारी बसली होती. नव्वदीच्या आसपास, नाकात दोन्हीकडं चमक्या, मांडीवर सुपात तांदूळ. मी हात जोडले. या बाईला आपलं काही कळणार नाही, हे मी गृहीत धरलेलं. हातवारे करायला लागलो, पण तोंड काही बंद राहीना. ते आपलं मराठीत चालू.

"आजी, पाया पडतो. माझी बायको येतीय मागून. बायको. गजरा. मी तिला सांगितलंय मी इथं राहिलोय. खोटं सांगितलंय. मी सेलमच्या पुढं कधी आलोच नाही, लग्न जमावं म्हणून बोललो, आता निस्तरता येत नाही. तुम्ही काही बोलू नका. मला बघून फक्त मान हलवा. अशी. हां? अशी. बाहुलीसारखी. नाहीतर माझी गाडी विकली जाईल हो."

म्हातारीनं सुपातला एक खडा शोधून बाहेर टाकला.

"मराठी येतें हो अम्हाला," ती म्हणाली. "तीनशें वर्षें झालीं, तेंच बोलतों घरांत."

सकाळी अर्धा तास भिंतीवरची मराठी बघत उभा होतो मी! दगडात आहे म्हणजे माणसांच्या तोंडातही असेल, एवढं डोक्यात येऊ नये? मी मटकन ओसरीवर बसलो.

"तुम्हीच काय ते केशव?"

"तुम्हाला कसं..."

"पंकजाबाई म्हणतात मला. सकाळीं दुधवाल्याला शिव्या देत होतें, मराठींत, त्याला कळूं नये म्हणून. तर रस्त्यांत एक बाई थबकली. तुमचीच. माझ्या रांगोळीला हात लावला तिनें, इतकी सुरेख भर घातली. मग विचारलें, आजी, घर आंतून बघूं? विहीर बघितली, झोपाळा बघितला, आणि बसून हसत सुटली. मला म्हणाली, माझा नवरा इथें कधीं आला नाहीं. दुपारीं घेऊन येतें. त्याला ओळख द्या."

मी वळून कोपऱ्यावर बघितलं, शरयूची घासाघीस अजून चालूच होती.

"लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे तिला. ट्रकच्या मालकाची बायको बोलली होती, हळदीकुंकवाला. सेलम, आठ दिवस, ताप. मी म्हटलें, मग आतां कशाला हा खेळ? तर म्हणाली, गंमत म्हणून मीच अट घातली आजी. वाटलें, वाटेंत कुठें तरी कबूल करील. करीत नाहीं, आणि काल रात्रीपासून जेवतही नाहीं. अट घातली ती मला मोडतां येत नाहीं, आणि मला कन्याकुमारी बघायची आहे."

गल्लीतून शरयूच्या चपलांचा आवाज आला. पंकजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला. "तिला कळूं देऊं नका, तुम्हाला कळलें म्हणून," त्या कुजबुजल्या. "आणि मान कसली हलवायची? मान बाहुल्या हलवितात."

शरयू दारात आली, आणि पंकजाबाईंनी जो हंबरडा फोडला, त्यानं चौकातली कबुतरं उडाली.

"केशवा! अरे, किती वाळलास!"

मी आयुष्यभर थापा मारून पोट भरलेलं नसेल, पण मनं भरलेली आहेत. तरीही सांगतो, त्या बाईंच्या पासंगालाही मी पुरलो नसतो. त्यांनी माझा कान धरला. एकेचाळीस वर्षं पत्र नाही म्हणून मला झापलं. मी विहिरीत पाडलेला तांब्या कसा तीन दिवसांनी गळ टाकून काढला ते सांगितलं. कुठल्या खांबाला टेकून मी बसायचो तो खांब दाखवला, आणि खांबावर डाग होता! माझ्या डोक्याच्या तेलाचा म्हणे. शरयू पदर तोंडावर धरून उभी होती, खांदे हलत होते, आणि मी ते रडणं आहे असं मानायचं ठरवलं.

त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. डांगराची पचडी, पोळ्या, आंबट भाजी. पितळी भांड्यातून कॉफी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि मग त्या थोरल्या कलावंत बाईंना राहवेना.

"आणि ती कामाक्षी," त्या शरयूच्या पानात पोळी टाकत म्हणाल्या.

शरयूचा घास हातात राहिला. "कोण कामाक्षी?"

"शेजारची हो. हा गेला तेव्हां तीन महिने रडत होती. हा तिला पाण्याची घागर उचलून द्यायचा. रोज. संध्याकाळीं."

"रोज?" शरयू म्हणाली.

"रोज," पंकजाबाई म्हणाल्या आणि मला पोळी वाढताना एक डोळा बारीक केला. हे सकाळच्या बोलण्यात नव्हतं. शरयूच्या चेहऱ्यावरूनच दिसलं की नव्हतं. पण तिला विचारता येईना, खोडता येईना, कारण तिनंच मांडलेला डाव होता. गणिताच्या बाई, आणि समोर एक आकडा असा आला होता जो कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

निघताना मी उंबऱ्याशी वाकून पंकजाबाईंच्या पाया पडलो. तिथं पुसट झालेल्या रांगोळीच्या कोपऱ्यात एक गोपद्म होतं, शरयूच्या हातचं, आमच्या सांगलीच्या दारात रोज असतं तसंच. पंकजाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मात्र लवकर उचलला नाही. "पुन्हां या हो," त्या म्हणाल्या. मग शरयूला म्हणाल्या, "तूं बायको म्हणून चांगली मिळालीस त्याला. माझी पसंती होती, तें सांगितलें नव्हतें का त्यानें?"

"सांगितलं होतं," शरयू म्हणाली.

गाडी वळवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्याकुमारीच्या दिशेनं निघालो. बाहुली मी डॅशबोर्डवर पक्की बसवली, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ती हो-हो म्हणत होती. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस असल्यासारखी मी गाडी हाकत होतो, गाणं म्हणत होतो. शरयू खिडकीतून बाहेर बघत होती. पुदुक्कोट्टै गेलं, मदुराई गेलं. तिरुनेलवेलीच्या अलीकडं ती बोलली.

"दिसायला कशी होती हो?"

"कोण?"

"कामाक्षी."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ताडाच्या झाडाखाली थांबवली. इंजिन बंद केलं. एकेचाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्या क्षणी इतकं सोपं झालं की मलाच नवल वाटलं.

"शरयू, मी तंजावरला परवापर्यंत कधीही गेलेलो नव्हतो. ट्रक सेलमला बंद पडला होता. घर, झोपाळा, विहीर, सगळी थाप होती. तुला बँकवाला मिळू नये म्हणून मारलेली."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी कामाक्षीचं विचारतेय."

"अगं कामाक्षी कुठली! म्हातारीनं रचली. कोपऱ्यावरच्या देवळातली देवी कामाक्षी, तेच नाव तिनं उचललं. कामाक्षी नव्हतीच. खोटी आहे कामाक्षी, अगदी शपथ!"

बाहेर एक ट्रक घोंगावत गेला. सगळी गाडी थरथरली, आणि डॅशबोर्डवरची बाहुली माझ्या प्रत्येक शब्दाला मान डोलवायला लागली. हो, हो, हो.

शरयूनं हात पुढं केला आणि एका बोटानं तिची मान धरून थांबवली.